वाचकांचे प्रश्न : एकच कर्नल, वेगवेगळे प्रोसेसर

गेल्या अंकात या सदरात ‘कर्नल सुरू होताना समोरच्या प्रोसेसरप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो होतो. (कर्नल म्हणजे लिनक्स, विंडोज अशा प्रणालींचा गाभा, बाकी सगळे प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात तो.) त्या एका वाक्यावर जी पत्रे आली, ती पाहता ते इतक्या सहज लिहायला नको होते, असे वाटते. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा ठेवून ती येथे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे लिनक्सचा एक पेनड्राइव्ह आहे. २००७ साली घेतलेल्या जुन्या संगणकावरही तो चालतो आणि अलीकडच्या लॅपटॉपवरही. दोन्ही प्रोसेसर एकाच घराण्यातले असले तरी नव्यातल्या कितीतरी सूचना जुन्याला ठाऊकच नाहीत. मग कर्नलची फाइल एकच असताना ती दोन्हीकडे कशी चालते? जागोजागी ‘ही सोय आहे का?’ असे विचारत बसल्यास कर्नल संथ होणार नाही का?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यात या विषयाची खरी अडचण नेमकी आली आहे. सोपे मार्ग दोन आहेत आणि दोन्ही गैरसोयीचे आहेत. सर्वांत जुन्या प्रोसेसरला कळतील तेवढ्याच सूचना वापरायच्या, हा पहिला. त्यात नव्या प्रोसेसरच्या बऱ्याच सोयी पडून राहतात. जागोजागी तपासणी करायची, हा दुसरा. साध्या प्रोग्रॅममध्ये अशी तपासणी कोणाच्या लक्षातही येत नाही. पण कर्नलच्या काही ओळी सेकंदाला लाखो वेळा चालतात. तपासणी म्हणजे मेमरीतली एक खूण वाचायची, तिची तुलना करायची आणि त्यावरून उडी मारायची की सरळ पुढे जायचे ते ठरवायचे. त्यात कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, जागा जाते आणि उडीचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेचीही जागा जाते. शिवाय ज्या प्रश्नापायी हा खर्च चालतो, त्याचे उत्तर संगणक बंद होईपर्यंत बदलणारच नसते.

म्हणून लिनक्सने तिसरा मार्ग धरला. प्रश्न एकदाच, संगणक सुरू होताना विचारायचा आणि मिळालेले उत्तर थेट कोडमध्ये लिहून टाकायचे, म्हणजे प्रश्न विचारणारी ओळच पुढे उरत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल दोन्ही संगणकांसाठी एकच असते हे खरे. पण ती मेमरीत चढून कामाला लागली की दोन संगणकांच्या मेमरीत जो कोड असतो, तो बाइट-बाइट ताडून पाहिला तर सारखा नसतो.

एक उदाहरण जवळून पाहू. एखाद्या संख्येच्या द्विमान रूपात १ हा अंक किती वेळा येतो, हे मोजण्याचे काम कर्नलला वारंवार पडते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग; एखाद्या यादीत किती कोअर आहेत, हेही तो अशाच मोजणीतून काढतो. हे काम एका सूचनेत करणारी ‘पॉपकाउंट’ नावाची सूचना एएमडीच्या प्रोसेसरांत २००७ मध्ये आणि इंटेलच्या प्रोसेसरांत २००८ मध्ये आली. ज्या प्रोसेसरांत ती नाही, त्यांच्यासाठी बेरजा आणि सरकवण्या करून तेच उत्तर काढणारे एक छोटे फंक्शन कर्नलमध्ये आहे. फाइलमध्ये मोजणीच्या प्रत्येक जागी या फंक्शनला हाक मारणारी सूचना लिहिलेली असते. तिची लांबी पाच बाइट (बाइट येथे सोळाच्या अंकपद्धतीत, दोन-दोन चिन्हांनी लिहिले आहेत) : पहिला बाइट ई८ आणि उरलेले चार म्हणजे किती अंतरावर उडी घ्यायची तो आकडा. संगणक सुरू होताना पॉपकाउंटची सोय आहे असे दिसले, तर कर्नल हे पाच बाइट पुसून तेथे एफ३, ०एफ, बी८, सी७ असे चार बाइट लिहितो, कारण बत्तीस बिटांची पॉपकाउंट सूचना चारच बाइटांची आहे. पाचवी जागा रिकामी ठेवून चालत नाही, तेथे जुन्या आकड्याचा तुकडा राहिला तर प्रोसेसर त्यालाच पुढची सूचना समजेल. म्हणून तेथे ९० हा ‘काही करू नकोस’ असे सांगणारा बाइट बसतो. चौसष्ट बिटांची तीच सूचना मात्र बरोबर पाच बाइटांची असल्याने जुन्या सूचनेच्या जागेत चपखल बसते. आपल्या २००७ च्या संगणकात पॉपकाउंट नसेल, तर तेथे ई८ जसाच्या तसा राहतो आणि काम फंक्शनकडून होते.

अशा प्रत्येक जागेची नोंद कर्नलच्याच फाइलमध्ये एका कोष्टकात असते. मूळ सूचना कुठे आहे, बदली सूचना कुठे ठेवली आहे, कोणती सोय असल्यास बदल करायचा आणि दोघींची लांबी किती, एवढाच मजकूर एका नोंदीत असतो. सुरुवातीलाच कर्नल हे कोष्टक वरपासून खालपर्यंत वाचत जातो आणि बदल करत जातो. काम संपले की कोष्टकाने अडवलेली मेमरी मोकळी करून दिली जाते. एक बारकावा येथे सांभाळावा लागतो. बदली सूचनेत ‘येथून इतक्या अंतरावर जा’ असा आकडा असेल, तर ती उचलून दुसरीकडे ठेवल्यावर तो चुकतो. म्हणून ठेवताना त्याचा नव्याने हिशेब करावा लागतो.

उलट प्रकारही आहे, फाइलमध्ये रिकामी जागा आणि नव्या प्रोसेसरवर भरलेली. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीला कर्नलने चुकून हात लावू नये, म्हणून इंटेलने २०१४ च्या सुमारास आलेल्या प्रोसेसरांत एक पहारा बसवला. मुद्दाम हात लावायचा असेल तेव्हा एका सूचनेने पहारा उठवायचा आणि काम झाले की दुसरीने पुन्हा बसवायचा. या दोन्ही सूचना तीन-तीन बाइटांच्या आहेत आणि जुन्या प्रोसेसरला त्या कळत नाहीत. म्हणून फाइलमध्ये त्या जागी तीन निष्क्रिय बाइट असतात. सोय दिसली तरच तेथे खऱ्या सूचना येतात.

मला सर्वांत आवडणारा बदल मात्र एकाच बाइटचा आहे. अनेक कोअर एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागेवर लिहू लागले तर गोंधळ होऊ नये, यासाठी एक्स८६ या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांच्या घराण्यात सूचनेच्या आधी एफ० हा ‘लॉक’चा बाइट लावतात. कोअर एकच असेल तर या कुलपाचा उपयोग नसतो, कारण सूचना अर्धवट असताना तिच्यामध्ये व्यत्यय येत नाही; कुलपाचा खर्च मात्र होतो. अशा वेळी कर्नल सगळीकडचे एफ० काढून तेथे ३ई हा बाइट लिहितो. ३ई हाही सूचनेच्या आधी लावायचा एक बाइट आहे, एका जुन्या काळच्या मेमरी-विभागाचे नाव सांगणारा, आणि येथे त्याचा परिणाम शून्य आहे. लांबी तीच राहते, कुलूप निघून जाते. एक कोअर दिलेल्या आभासी संगणकाला पुढे दुसरा कोअर दिला, तर कर्नल ही सगळी कुलपे परत लावतो.

तुमचा पेनड्राइव्ह एआरएम प्रोसेसरच्या संगणकावर मात्र चालणार नाही. ते वेगळे घराणे आहे, त्याची भाषाच निराळी. तेथे बाइट बदलून भागत नाही, पूर्ण कर्नल त्याच्यासाठी वेगळा कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडवरून त्याच्या सूचनांत उतरवावा लागतो.

प्रश्न : कर्नल सी भाषेत लिहिलेला असतो आणि सी भाषा कोणत्याही प्रोसेसरसाठी कंपाइल होते. मग वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी कर्नलमध्ये वेगळा कोड लिहायचे कारण काय? हे कंपायलरचे काम नाही का?

उत्तर : बरेचसे आहे. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल असेंब्लीतून (प्रोसेसरच्या सूचना एकेक करून लिहिण्याच्या भाषेतून) काढून सी भाषेत लिहिला गेला आणि त्या दशकाच्या अखेरीस तो मूळच्या पीडीपी-११ यंत्राहून अगदी निराळ्या यंत्रांवर नेता आला, त्यामागे सी भाषा हेच मोठे कारण होते. परंतु सी भाषेला जे शब्दच नाहीत, ते कंपायलर तरी कोठून आणणार? एका प्रोग्रॅमची रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागा) जपून ठेवून दुसऱ्याची भरणे, मेमरीच्या पानांचा, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा, तक्ता प्रोसेसरच्या हाती देणे, व्यत्यय आला की कोठे जायचे ते सांगणे, या गोष्टी सीच्या कल्पनेतल्या यंत्रात नाहीतच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कर्नलची पहिली जाहीर माहिती दिली, तेव्हा तो इतर यंत्रांवर नेण्याजोगा नाही, कारण तो ३८६ प्रोसेसरची कामे बदलण्याची खास सोय वापरतो, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत तो अल्फा या चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरवर गेला आणि त्या खटाटोपात आजची रचना आकाराला आली. प्रोसेसरशी बांधलेले सगळे ‘आर्च’ नावाच्या फोल्डरमध्ये, घराण्यागणिक वेगळ्या खणात. बाकीचा कर्नल त्या खणांकडे ठरावीक नावांनीच काम मागतो.

ती नावे बेतण्यात खरे कसब आहे. मेमरीच्या व्यवहारांचा क्रम हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘आधी ही जागा वाचली जावी, मग ती’ असे कर्नलच्या सामाईक कोडला म्हणायचे असते, तेव्हा तेथे एक अडसर लिहिला जातो. एक्स८६ प्रोसेसर वाचनांचा क्रम स्वतःच पाळतो; त्यामुळे त्याच्या खणात या अडसराची एकही सूचना तयार होत नाही, कंपायलरने ओळींची अदलाबदल करू नये एवढीच ताकीद तो देतो. एआरएम तसा क्रम पाळेलच असे नाही, म्हणून तेथे खरी अडसराची सूचना बसते. अल्फा तर याही पलीकडचा होता : एखाद्या जागेचा पत्ता वाचला आणि मग त्या पत्त्यावरचा मजकूर वाचला, तरी मजकूर जुनाच हाती येण्याची शक्यता तेथे होती. इतर कोणत्याही घराण्यात ज्याची गरज नाही असा एक खास अडसर केवळ अल्फासाठी सामाईक कोडमध्ये अनेक वर्षे जागोजागी लिहावा लागत असे. सामाईक कोड हा असा सर्वांत बेशिस्त प्रोसेसर समोर ठेवून लिहावा लागतो, आणि शिस्तीच्या प्रोसेसरांवर त्यातले जादाचे आपोआप गळून पडेल अशी सोय करावी लागते.

पानाचा आकारही असाच. एक्स८६ वर मूळ पान ४ किलोबाइटचे असते. चौसष्ट बिटांच्या एआरएमवर ४, १६ किंवा ६४ किलोबाइटचे ठेवता येते. सामाईक कोडमध्ये कोणी ४०९६ हा आकडा थेट लिहिला, तर त्याचे पाप दुसऱ्याच यंत्रावर उघड होते.

प्रश्न : चालू असलेला कोड चालता चालताच बदलणे धोक्याचे वाटते. एक कोअर सूचना बदलत असताना दुसरा कोअर तीच सूचना वाचत असेल तर काय होईल? शिवाय कर्नलचा कोड केवळ वाचता येण्याजोगा ठेवतात असेही वाचले आहे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सुरुवातीच्या बदलांपुरते उत्तर सोपे आहे, कारण ते होतात तेव्हा एकच कोअर जागा असतो आणि इतर अजून उठवलेले नसतात. परंतु कर्नल काही बदल पुढेही करतो. एखाद्या तपासणीची किंवा नोंदवहीची सोय एरवी बंद असते आणि हवी तेव्हाच चालू होते. तिच्या जागी पाच निष्क्रिय बाइट असतात आणि सोय चालू केली की तेथे उडीची सूचना लिहिली जाते. लिनक्समध्ये ही यंत्रणा जानेवारी २०११ च्या २.६.३७ आवृत्तीपासून आहे. हे काम सर्व कोअर धावत असताना करावे लागते.

एक्स८६ वर सूचना कोणत्याही पत्त्यावर सुरू होते आणि पाच बाइट एका झटक्यात लिहिले जातील याची हमी नसते. म्हणून पहिल्या बाइटच्या जागी आधी सीसी हा बाइट लिहितात. डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे साधन) थांबा घालण्यासाठी जी सूचना वापरतो, ती हीच; ती एकाच बाइटची असल्याने अर्धवट लिहिली जाऊ शकत नाही. मग सर्व कोअरांना निरोप पाठवून, त्यांनी आधी वाचून ठेवलेल्या सूचना टाकून द्याव्यात, याची खात्री केली जाते. त्यानंतर मागचे चार बाइट लिहायचे, पुन्हा निरोप, आणि शेवटी सीसीच्या जागी खरा पहिला बाइट लिहून पुन्हा निरोप. या मधल्या काळात एखादा कोअर तेथे पोहोचलाच, तर सीसीमुळे तो कर्नलच्या थांब्यात येतो आणि तेथे नव्या सूचनेचे काम त्याच्या वतीने करून त्याला पुढे सोडले जाते. जुनी सूचना आणि नवी सूचना यांची भेसळ कोणाच्याही वाट्याला येत नाही.

एआरएमच्या चौसष्ट बिटी घराण्यात प्रत्येक सूचना चार बाइटांची आणि चारच्या पटीतल्या पत्त्यावर असते, त्यामुळे निष्क्रिय सूचनेच्या जागी उडी लिहिणे तेथे बरेच सोपे जाते. पण तेथे दुसरेच काम मागे लागते. सूचनांची कॅश आणि मजकुराची कॅश यांचा मेळ हार्डवेअर आपणहून राखेलच असे नाही; नवी सूचना लिहिल्यावर मजकुराच्या कॅशमधून ती बाहेर काढावी लागते, सूचनांच्या कॅशमधली जुनी प्रत बाद करावी लागते, आणि मगच ती लागू झाली असे धरता येते.

कोड केवळ वाचता येण्याजोगा असतो, हेही खरे आहे. त्यावर उपाय असा की कोडच्या त्याच पानाला काही क्षणांपुरता दुसरा, लिहिता येण्याजोगा पत्ता दिला जातो, आणि तोही फक्त लिहिणाऱ्या कोअरलाच दिसेल असा. लिनक्समध्ये ही पद्धत २०१९ च्या ५.२ आवृत्तीत आली. लिहून झाले की तो पत्ता नाहीसा होतो.

एवढी काळजी उगाच घेतली जात नाही. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ आवृत्तीची तयारी चालू असताना एका नेटवर्क कार्डाच्या आतली कायमस्वरूपी मेमरी खराब होऊन कार्डे निकामी होऊ लागली. संशय आधी साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. मूळ मात्र फंक्शनांचा माग काढण्यासाठी कोड बदलणाऱ्या यंत्रणेत निघाले. तिने बदलायच्या जागांचे पत्ते लिहून ठेवले होते. त्यांपैकी काही जागांचा कोड काम संपल्यावर मेमरीतून काढून टाकला गेला आणि तेच पत्ते पुढे कार्डाच्या मेमरीला मिळाले. ‘जुना मजकूर तोच असेल तरच बदल’ अशी सावध सूचना ही यंत्रणा वापरत होती. पण एक्स८६ ची ती सूचना तुलना फसली तरी वाचलेलेच मूल्य परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही, कार्डाच्या बाबतीत मात्र ते लिहिणेच घातक ठरले.

प्रश्न : प्रोसेसरमध्ये कोणती सोय आहे हे कर्नलला कोण सांगते? आणि सांगितलेले चुकीचे असेल तर?

उत्तर : एक्स८६ घराण्यात त्यासाठी ‘सीपीयूआयडी’ नावाची सूचनाच आहे, १९९३ च्या पेंटियमपासून रूढ झालेली. एका रजिस्टरमध्ये प्रश्नाचा क्रमांक ठेवून ती चालवली की उत्तरे चार रजिस्टरांत येतात. क्रमांक शून्य दिला तर निर्मात्याचे नाव बारा अक्षरांत मिळते, चार-चार अक्षरे तीन रजिस्टरांत वाटून. पुढच्या क्रमांकांना येणाऱ्या उत्तरांत एकेक बिट म्हणजे एकेक सोय. एआरएममध्ये हीच माहिती ओळख-रजिस्टरांत असते. प्रोसेसरबाहेरच्या गोष्टी, म्हणजे कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे वगैरे, फर्मवेअरने, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने, दिलेल्या तक्त्यांतून कळतात.

पण नुसते विचारून भागत नाही असे प्रसंग कर्नलने पहिल्यापासून पाहिले आहेत. ३८६ प्रोसेसर कर्नलच्या भूमिकेत असताना ‘या पानावर लिहू नये’ ही खूण जुमानत नसे. ४८६ पासून ती पाळण्याची सोय आली. लिनक्स हे विचारत नसे, करून पाहत असे : सुरू होताना एका बंद पानावर लिहून बघायचे, अडवणूक झाली तर प्रोसेसर नियम पाळणारा, लिहिले गेले तर न पाळणारा. ३८६ चा आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला.

१९९४ मध्ये उघड झालेला पेंटियमचा भागाकाराचा दोषही असाच करून पाहूनच ओळखला जाई. कर्नलमध्ये ४१९५८३५ आणि ३१४५७२७ या दोन संख्या लिहून ठेवल्या होत्या. पहिलीला दुसरीने भागायचे, आलेल्या उत्तराला पुन्हा दुसरीने गुणायचे आणि ते पहिलीतून वजा करायचे. धड प्रोसेसरवर बाकी शून्य येते, सदोष पेंटियमवर २५६.

कधी कर्नल चक्क शर्यत लावतो. अनेक डिस्क मिळून एक साठा करताना हरवलेला मजकूर परत मिळवण्यासाठी जे गणित लागते, त्याच्या अनेक तऱ्हा कर्नलमध्ये आहेत, जुन्या प्रोसेसरांच्या साध्या सूचनांपासून रुंद रजिस्टरांच्या नव्या सूचनांपर्यंत. नवी सूचना असली म्हणजे ती या यंत्रावर वेगवानच असेल असे गृहीत न धरता, चालू शकणाऱ्या तऱ्हा थोडा थोडा वेळ पळवून पाहिल्या जातात आणि जिंकणारी ठेवली जाते. ‘रेड-६’ने सुरू होणाऱ्या, सेकंदाला किती मेगाबाइट याचे आकडे देणाऱ्या ओळी सुरुवातीच्या नोंदींत दिसतात, त्या या शर्यतीच्या आहेत.

माझ्या मते जुळवून घेण्याचे अधिक अवघड काम सोयींचे नसून दोषांचे आहे. सोय नाही वापरली तर वेग कमी होतो, एवढेच. दोष नाही सांभाळला तर सगळेच कोसळते. १९९७ मध्ये पेंटियमचा एक दोष असा निघाला की कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमने चार बाइटांची एक विशिष्ट अवैध सूचना चालवली की पूर्ण संगणक गोठत असे. व्यत्ययांचा तक्ता ज्या पानावर असतो ते पान लिहिण्यासाठी बंद ठेवून कर्नलांनी त्यातून वाट काढली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे, प्रोसेसरच्या अंदाज बांधून पुढे धावण्याच्या सवयीतून गुपिते फुटू देणारे दोष जाहीर झाल्यावर तर हे काम कितीतरी पटींनी वाढले. रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी मारणाऱ्या सूचनांच्या जागी अंदाजाला वाव न देणारी वळणवाट घातली गेली. ही वाट संथ आहे आणि प्रत्येक प्रोसेसरला तिची गरज नाही. त्यामुळे फाइलमध्ये ती असते आणि सुरू होताना, जेथे गरज नाही तेथे, पुन्हा सरळ उडी लिहून टाकली जाते.

प्रश्न : मोबाइलच्या एकाच चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात. मग कर्नल नेमका कोणाशी जुळवून घेतो?

उत्तर : कर्नलचा कोड सर्व कोअरांसाठी एकच असतो आणि कोणतेही काम केव्हाही एका कोअरवरून दुसऱ्यावर जाऊ शकते, म्हणून येथे वाटणी करता येत नाही. चौसष्ट बिटी एआरएमवर लिनक्स सर्व कोअरांची ओळख-रजिस्टरे वाचून त्यांतून सर्वांना झेपेल असे एक सामाईक चित्र तयार करतो. सोय सर्व कोअरांत असेल तरच ती आहे असे धरायचे. दोष एकाही कोअरमध्ये असला तरी त्याचा उपाय करायचा. हे चित्र पक्के झाल्यावर उशिरा जागा झालेला एखादा कोअर आधीच गृहीत धरलेल्या सोयीत कमी पडला, तर त्याला कामावर घेतलेच जात नाही.

हा नियम न पाळल्यास काय होते, याचा एक मासला सांगतो. काही चिपांमध्ये मोठ्या कोअरची कॅशची ओळ १२८ बाइटची आणि छोट्याची ६४ बाइटची होती. एखादा प्रोग्रॅम स्वतः तयार केलेल्या सूचनांसाठी कॅश साफ करताना ओळीची लांबी मोठ्या कोअरवर वाचायचा, नंतर त्याला छोट्या कोअरवर हलवले जायचे, आणि तो १२८-१२८ बाइटांच्या ढांगा टाकत दर दोन ओळींतली एक ओळ तशीच सोडून पुढे जायचा. परिणामी कधी तरी, कुठे तरी, शिळ्या सूचना चालून प्रोग्रॅम कोसळायचा. पुन्हा चालवला तर नीट. आता अशी विसंगती दिसली की लिनक्स ती लांबी थेट वाचू देत नाही. वाचायला आलेल्याला अडवून सर्वांत लहान लांबी सांगतो.

इंटेलने २०२१ मध्ये संगणकांसाठी असे मिश्र प्रोसेसर आणले, तेव्हा मोठ्या कोअरांत असलेल्या ५१२ बिटांच्या रुंद सूचना अखेर बंद ठेवाव्या लागल्या, कारण छोट्यांत त्या नव्हत्या.

प्रश्न : विंडोजमध्येही असेच असते का?

उत्तर : हेतू तोच, घडण निराळी. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली तेव्हा ती एक्स८६, मिप्स आणि अल्फा अशा तीन घराण्यांवर चालणार होती, आणि यंत्रायंत्रांतला फरक झाकण्यासाठी कर्नलच्या खाली एक वेगळा थर ठेवला होता. हा थर स्वतंत्र फाइलमध्ये असे आणि यंत्र पाहून स्थापनेच्या वेळीच निवडला जाई. म्हणून त्या काळी डिस्क काढून दुसऱ्या संगणकात लावली की विंडोज पुष्कळदा सुरूच होत नसे. पुढे ही निवड सुरू होतानाच होऊ लागली. किमान पात्रता वाढवत नेणे, हा दुसरा मार्गही विंडोजने वापरला आहे : वर ज्या पॉपकाउंटची कथा सांगितली, ती सूचना विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीने सक्तीची केली आणि ती नसलेल्या प्रोसेसरांवर ही आवृत्ती सुरूच होत नाही. कोड त्याने सोपा होतो. जुन्या यंत्राच्या मालकाला मात्र दार बंद होते.

प्रश्न : हे बदल स्वतः पाहता येतील का? मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे.

उत्तर : येतील, पण कर्नलची फाइल उलगडून पाहू नका, किंवा पाहिली तर तेथे दिसते तेच चालते असे समजू नका. मी स्वतः एकदा कोसळलेल्या कर्नलचा माग काढताना ही चूक केली होती. फाइल उलगडली तर ज्या पत्त्यावर प्रोसेसर अडला होता, तेथे फंक्शनची हाक दिसत होती आणि ते फंक्शन तर निर्दोष होते. दोन संध्याकाळी त्या फंक्शनच्या ओळी पाठ होईपर्यंत वाचल्यावर लक्षात आले की मेमरीत त्या जागी ती हाक नव्हतीच; कर्नलने सुरू होतानाच तिच्या जागी दुसरी सूचना बसवली होती. चालू कोड पाहायचा असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘केकोअर’ फाइलमधून, प्रशासकाचे अधिकार घेऊन, मेमरीतलाच मजकूर डीबगरने उलगडावा आणि तो फाइलमधल्या मजकुराशेजारी ठेवावा.

इतक्या खोलात न जाताही बरेच दिसते. ‘प्रॉक’मधल्या ‘सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये ‘फ्लॅग्ज’ या ओळीत कर्नलने ओळखलेल्या सोयी असतात आणि ‘बग्ज’ या ओळीत दोष. कोणत्या दोषावर कोणता उपाय लागू झाला, हे ‘सिस’ फोल्डरमध्ये प्रोसेसरच्या विभागातल्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ या खणात एकेका फाइलमध्ये एकेका ओळीत लिहिलेले असते. एक्स८६ यंत्रावर ‘डीमेसेज’ चालवून सुरुवातीच्या नोंदी वाचल्या, तर ‘एसएमपी अल्टरनेटिव्ह्ज’ची काही किलोबाइट मेमरी मोकळी केली, असे सांगणारी एक ओळ सापडेल. वर सांगितलेल्या एफ० बाइटांच्या जागा ज्या यादीत होत्या, ती ही यादी. एकाहून अधिक कोअर मिळाले, कुलपे काढायची गरज पडली नाही, म्हणून ती टाकून दिली, असा त्या ओळीचा बहुतेक संगणकांवरचा अर्थ आहे. आता एकच कोअर देऊन पण दुसऱ्याला जागा ठेवून एक आभासी संगणक सुरू करा आणि तेथे ती ओळ येते का ते पाहा.